दशमांश एकच, रीती निरनिराळ्या का?

(हितचिंतकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. एका शेतकरी दादांनी तो माझ्या गळ्यात घातला. मागच्या हंगाम सणाची उपासना संपल्यावर त्यांनी मला अंगणात गाठले आणि म्हणाले, "गुरुजी, माझं शिक्षण कमी. पण एक गोष्ट उलगडत नाही. लेवीयाच्या पुस्तकात लिहिलंय, दशमांश परमेश्वराचा. गणनाच्या पुस्तकात लिहिलंय, तो लेव्यांचा. अनुवादात लिहिलंय, तो घेऊन देवाच्या ठिकाणी जा आणि घरच्यांसोबत तुम्हीच खा. अन् तिसऱ्या वर्षी परके, अनाथ, विधवा यांना द्या. एका दहाव्या हिश्श्याला एवढे धनी कसे? आणि माझ्याकडे पंधरा शेळ्या आहेत, त्यांतली दहावी कोणती?"

मंडळी, आयुष्यभर मी फळ्यापुढे उभा राहून दुसऱ्यांना प्रश्न विचारले. त्या दिवशी मला उत्तर आले नाही. "बघून सांगतो, दादा," एवढेच म्हणालो. दादा आज समोरच बसले आहेत, तेव्हा आता सुटका नाही.

एक उत्तर अभ्यासकांचे आहे. ही पुस्तके निरनिराळ्या काळांत घडली, म्हणून त्यांत निरनिराळ्या चाली दिसतात. ते उत्तर मी खोटे म्हणत नाही. पण यहूदी शास्त्री दुसऱ्याच वाटेने गेले. त्यांच्या मते तिन्ही पुस्तके एकाच नियमशास्त्राची आहेत, त्यामुळे एकही वाटा खोटा नाही. प्रत्येकाचा धनी वेगळा, वेळ वेगळी आणि देण्याची रीतही वेगळी. इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना नावाचा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा पहिला मोठा भाग बियांचा, म्हणजे शेतीचा आहे. तो वाचताना मला तर खळ्यावर बसल्यासारखेच वाटले.

तर चला त्या खळ्यावर. मळणी झाली, उफणणी झाली, गव्हाची रास घातली आणि वरून सारखी केली. दशमांशाची जबाबदारी या घडीपासून. त्याआधी येताजाता मूठभर दाणे तोंडात टाकले तर हरकत नव्हती. द्राक्षारसाची घडी वेगळी, तेलाची वेगळी, काकडीचीसुद्धा वेगळी. माल पुरता तयार झाल्याखेरीज त्यात कोणाचा वाटा पडत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

धरा, १०० पायल्यांची रास आहे. पहिला वाटा याजकाचा. त्याला तेरुमा म्हणतात. साधारण पन्नासावा भाग, म्हणजे २ पायल्या. उरल्या ९८. त्यांचा दहावा भाग, ९.८ पायल्या, लेव्याचा. हा पहिला दशमांश. लेवी त्यातला दहावा भाग पुन्हा याजकाला देतो. शेतकऱ्याकडे उरल्या ८८.२. त्यांचा दहावा भाग, ८.८२ पायल्या, हा दुसरा दशमांश. सात वर्षांच्या फेरीत पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी तो यरुशलेमेला नेऊन स्वतः खायचा. वाट लांब असेल तर त्याचे पैसे करून न्यायचे आणि तिथे अन्न विकत घ्यायचे. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी त्याच्याच जागी गरिबांचा दशमांश. सातवे वर्ष शब्बाथाचे. त्या वर्षी शेत सगळ्यांना मोकळे, म्हणून दशमांशही नाही.

ही सर्वांना मान्य असलेली एकमेव मांडणी होती, असे मात्र समजू नका. तोबितच्या पुस्तकात आणि पहिल्या शतकातल्या योसेफस या इतिहासकाराच्या लेखनात गरिबांचा दशमांश वरचा, तिसरा म्हणून येतो. मिश्नाने तो दुसऱ्याच्या जागी ठेवला. शेतकऱ्याला हा फरक थोडाथोडका नव्हता.

लेव्याला वाटा का, हे गणनाच्या १८ व्या अध्यायात आले आहे. त्याला जमिनीचा वतनवाटा नव्हता आणि सेवेचे काम त्याच्याकडे होते. आपल्याकडे खळ्यावर सुतार-लोहारांना बलुते मिळत असे, त्याची आठवण होते. मात्र बलुते कामावर ठरे. लेव्याचा हिस्सा त्याच्याकडे जमीन नसण्यावरही ठरलेला आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. तेरुमा मोजून द्यायचा नाही, असा मिश्नाचा नियम आहे. मापाने नाही, वजनाने नाही, संख्येने नाही, अंदाजाने उचलायचा. दशमांश मात्र मोजूनच. रब्बान गमलिएल यांची तर ताकीदच आहे की अंदाजाने दशमांश काढण्याची सवय लावून घेऊ नका. एकाच राशीतून निघणाऱ्या दोन वाट्यांना असे उलटे नियम का?

याजकाच्या वाट्याला नियमशास्त्राने आकडा दिलेलाच नाही. गव्हाचा एक दाणा काढला तरी मूळ नियम पुरा होतो, असे एका शास्त्र्याने म्हटले आहे. मग किती द्यायचे? मिश्ना म्हणते, उदार नजरेचा माणूस चाळिसावा भाग देतो, मध्यम माणूस पन्नासावा आणि कंजूष साठावा. जिथे माप माणसाच्या नजरेत आहे, तिथे पायली घेऊन बसणे म्हणजे नजर झाकणे. दशमांशाला मात्र आकडा आहे, आणि आकडा असला की तिथे दुसऱ्याचा हक्क आला. दुसऱ्याच्या हक्कात अंदाज चालत नाही.

कमी दिले तर चूक, हे कोणालाही पटते. पण तालमूद म्हणते, जास्त दिले तरी बिघडते! कसे ते पाहा. दहाच्या जागी बारा पायल्या काढून सगळ्याला दशमांश म्हटले, तर वरच्या दोन पायल्या दशमांश होतच नाहीत. ते धान्य अजून वाटे न काढलेले, खायला मना असलेले, आणि आता ते लेव्याच्या पोत्यात मिसळले. शेतकऱ्याची रास शुद्ध, लेव्याचे पोते अशुद्ध. देणाऱ्याला उदारपणाचे समाधान मिळाले आणि निस्तरणे घेणाऱ्याच्या वाट्याला आले. मंडळी, ज्यांनी कधी संस्थेचे हिशेब ठेवले आहेत त्यांनी यावर थोडे हसायला हरकत नाही.

आणखी एक नियम. याजक जवळ राहत असेल तर उत्तमातले उत्तम द्या. जवळ याजक नसेल तर टिकेल ते द्या. याजक आला आहे तर ताजी अंजिरे, नाही तर सुकी. उत्तम वस्तू ज्याच्या नावाने काढली त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर सडली, तर ती उत्तम कसली? रब्बी यहूदा यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते नेहमी उत्तमच काढावे. दोन्ही मते शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत.

आता दादांच्या शेळ्या.

धान्यात निवड आहे. जनावरांत निवडीला मनाई आहे. लेवीयाच्या २७ व्या अध्यायात सांगितले आहे की काठीखालून जाणारे दहावे जनावर परमेश्वराचे, मग ते चांगले की वाईट हे पाहू नका. मिश्नात त्याची कृती दिली आहे. कोकरांना एका वाड्यात कोंडतात. दार इतके अरुंद ठेवतात की दोन एकदम बाहेर पडू शकणार नाहीत. मालक काठीने मोजतो, एक, दोन, तीन. दहाव्याच्या अंगावर लाल खूण करतो आणि म्हणतो, हा दशमांश. शंभर असताना सरळ दहा बाजूला काढली किंवा दहांतले एक उचलले, तर तो दशमांश नव्हे. (एका रब्बींचे मत वेगळे आहे. या ग्रंथांत एखाद्या रब्बीचे मत वेगळे नसेल असे पान विरळा.)

कोकरांना हाकून बाहेर काढायचे नाही, असेही तालमूद सांगते. त्यांच्या आयांना वाड्याबाहेर उभे करायचे. त्या ओरडतात आणि पिल्ले आपसूक आईकडे धावत येतात. मूळ वचनात जनावर जाते असे आहे, त्याला नेतात असे नाही, हा त्याचा आधार. मालकाचा हात कुठेच लागू नये, अशी ही सारी रचना आहे. चांगले बोकड लपवावे आणि लंगडे पुढे ढकलावे, हा मोह शेळ्या पाळणाऱ्याला सांगावा लागत नाही. उलट, लोकांनी पाहावे म्हणून सगळ्यात देखणे जनावर काढण्याचा मोहही असतोच. दाराने दोन्ही मोह बंद केले.

मोजताना चूक झाली आणि नवव्याला दहावा, दहाव्याला नववा, अकराव्याला दहावा म्हटले तर? तिन्ही पवित्र. चूक मालकाच्या अंगावर. आणि मोजून झालेल्यांतले एखादे उडी मारून पुन्हा न मोजलेल्यांत शिरले, तर सगळ्यांनाच माफी.

दादांना मी ओट्यावर बसून हिशेब विचारला. विकत घेतलेल्या जनावरांना हा दशमांश नाही. भेट मिळालेल्यांना नाही. फक्त आपल्याकडे त्या वर्षात जन्मलेल्यांचा धरतात. दादांच्या पंधरांपैकी सहा बाजारातून आणलेल्या, पाच जुन्या, यंदाची करडे चार. दहा झाल्याशिवाय दहावे निघत नाही. शिवाय यरुशलेमेचे मंदिर पडल्यानंतर ही चाल शास्त्र्यांनी थांबवली, कारण वेदी नाही आणि पवित्र जनावराच्या बाबतीत नकळत अपराध घडायचा. दादा थोडे नाराज झाले. "म्हणजे माझी कोणतीच नाही?" म्हणाले. मी म्हटले, या हिशेबाने कोणतीच नाही. द्यायचीच असेल तर ती तुमच्या नजरेची गोष्ट आहे.

शेतकरी मंडळींसाठी वर्षाच्या सीमेचीही गोष्ट सांगतो. एका वर्षाचा माल दुसऱ्या वर्षाच्या दशमांशात घालता येत नाही, म्हणून वर्ष केव्हा बदलते ते ठरवावे लागे. भाजीपाल्याला तिश्री महिन्याची १ तारीख. झाडांना हिल्लेलच्या शाळेप्रमाणे शबाट महिन्याची १५, शम्मायच्या शाळेप्रमाणे १. भाजी तोडली केव्हा ते बघायचे, फळझाडाला फळ धरले केव्हा ते बघायचे, धान्याचा दाणा तिसरा हिस्सा भरला केव्हा ते बघायचे. कारण पाण्याचे आहे. भाजीला कोणतेही पाणी चालते, ती मिळेल त्या पाण्यावर वाढते. धान्य मागच्या पावसावर उभे राहते. आणि शबाट येईपर्यंत, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, त्या देशातला बराचसा पाऊस पडून गेलेला असतो. त्यानंतर धरलेले फळ नव्या वर्षाचे. एकदा रब्बी अकिबा यांनी शबाटच्या १ तारखेला महाळुंग तोडले आणि त्यातून दोन्ही प्रकारचे दशमांश काढले, कारण ते फळ कोणत्या वर्षात धरायचे याचा वाद मिटलेला नव्हता. हे सारे नियम त्या देशातल्या पावसाचे आणि मातीचे. म्हणून आपल्या कोकणात शेकडो वर्षे राहिलेल्या आणि तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल मंडळींना, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, इथल्या पिकातून लेव्याचा वाटा काढण्याचे बंधन नव्हते. ते बंधन इस्राएलच्या भूमीशी आणि तिच्या जवळपासच्या काही देशांशी बांधलेले. या जवळपासच्या देशांकडे मी शेवटी येणार आहे.

आता गरिबांच्या वाट्याकडे येतो, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

गरिबांना शेतातून दोन तऱ्हांनी मिळे. एक म्हणजे शेताच्या कडेचे उभे पीक, पडलेली कणसे आणि विसरलेली पेंढी. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती पडलेली कणसे वेचायला. यात मालकाने वाटप करायचेच नाही. गरीब येतात आणि घेतात. दुसरी तऱ्हा म्हणजे गरिबांचा दशमांश. तो मालक देतो.

कडेचे पीक शेताच्या शेवटच्या टोकालाच का ठेवायचे? रब्बी शिमोन यांनी चार कारणे सांगितली. पहिले, गरिबांची लूट होऊ नये: मधेच कुठे ठेवायची मोकळीक असेल तर मालक आसपास कोणी नाही असे बघून आपल्या नात्यातल्या गरिबाला सांगेल, हे घे. दुसरे, गरिबांचा वेळ वाया जाऊ नये: मालक केव्हा, कुठे ठेवतो याची वाट बघत त्यांनी दिवसभर बसायचे का? टोकाला ठेवायचे हे ठरलेले असले की त्यांनाही वेळ कळते, ते मधल्या काळात दुसरे काम करतील. तिसरे, जाणाऱ्या-येणाऱ्याने मालकाला नावे ठेवू नयेत. चौथे, टोकापर्यंत कापून संपवू नको अशी आज्ञाच आहे. या चारांत दुसऱ्या कारणापाशी मी फार वेळ थांबलो. गरिबाचा वेळ वाया जाऊ नये! आपण किती वेळा लोकांना सकाळी आठला बोलावतो आणि पाहुणे बाराला येतात?

घेणाऱ्यांनी स्वतः घ्यायचे, या नियमाला अपवाद आहेत. मांडवावरची द्राक्षे आणि खजुराचे झाड. तिथे मालकाने स्वतः उतरवून वाटून द्यायचे, कारण झाडावर झोंबताना माणसे पडतात. शेतात नव्व्याण्णव गरीब म्हणाले वाटून द्या आणि एक म्हणाला आम्हीच घेऊ, तर त्या एकाचे ऐकायचे. खजुराखाली नव्व्याण्णव म्हणाले आम्हीच घेऊ आणि एक म्हणाला वाटून द्या, तरी त्या एकाचेच. कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन यायचे नाही, एकमेकांना लागेल.

आणि दशमांश? तो शेतात, खळ्यावर असेल तर येईल त्या प्रत्येक गरिबाला पोटभर होईल इतके द्यायचे. मापही दिले आहे: गहू असेल तर अर्धा कव, द्राक्षारस अर्धा लोग, तेल पाव लोग. इथे मालकाला निवड नाही, आलेल्याला रिकामे पाठवायचे नाही. पण तोच दशमांश घरात आणून ठेवला, तर कोणाला द्यायचा हे मालक ठरवू शकतो. एकाच धान्याला जागेप्रमाणे दोन नियम! अनुवादात एका ठिकाणी तो वेशीत ठेवा असे आहे, दुसऱ्या ठिकाणी द्या असे आहे, आणि शास्त्र्यांनी दोन शब्दांचे दोन प्रसंग केले. ठेवलेल्यावर मालकाची मर्जी चालत नाही, दिलेल्यावर चालते. उन्हाळ्यात माल बाहेर राहतो, पावसाळ्यात तो आत न्यावा लागतो, असाही खुलासा आहे. आपल्या नातलगांसाठी काही राखायचे असेल तर निम्मे राखावे, निम्मे वाटावे. आणि आणलेले थोडेच असेल, सगळ्यांना ठरल्या मापाने पुरणार नसेल, तर ते त्यांच्यापुढे ठेवावे आणि त्यांनी आपापसात वाटून घ्यावे.

या शेवटच्या वाक्याने मला गप्प केले. बऱ्याच वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, मी एका पाड्यावर ४० घोंगड्या घेऊन गेलो होतो. घरे साठाच्या वर होती. मी वही काढली आणि ठरवायला लागलो: हिला द्यावी, याला नको, याचा मुलगा कामाला आहे. एक म्हातारी आजी रांगेत माझ्यापुढे आली. तिच्या घराला पत्रे दिसले म्हणून मी तिला पुढे सरकायला सांगितले. ती काही बोलली नाही, गेली. पुढे कित्येक वर्षांनी पाड्याच्या कारभाऱ्यांशी बोलता बोलता विषय निघाला. ते म्हणाले, "गुरुजी, गठडी आमच्यापुढे ठेवली असती तर आम्ही वाटून घेतली असती. पत्रे तिचे नव्हते. कुणाच्या घरात वारा शिरतो ते आम्हाला ठाऊक होतं." आजी तोवर वारली होती.

मी खळ्यावर उभा राहून घरातला नियम लावला होता. याहून जास्त त्याबद्दल मला बोलता येत नाही.

पुढे जातो. शास्त्री लोक देणाऱ्यांवर आंधळा विश्वास टाकत नव्हते, आणि घेणाऱ्यांवरही नाही. योहानान महायाजकांच्या काळात चौकशी केली तेव्हा असे दिसले की सामान्य शेतकरी याजकाचा तेरुमा नीट काढतात, पण पुढचे वाटे काढतात की नाही याची खात्री नाही. बाजारात असे धान्य घेणाऱ्याने काय करायचे? नियम असा झाला की दशमांशातला याजकाचा भाग आणि दुसरा दशमांश काढा, कारण ते पवित्र आहेत, चुकून खाल्ले तर अपराध. लेव्याचा आणि गरिबाचा भाग मात्र देण्याची सक्ती नाही. कारण तो पैशाचा दावा आहे, आणि दुसऱ्याच्या हातातले घ्यायचे तर पुरावा दावा करणाऱ्याने आणायचा. मला हा नियम तर्काला पटतो, मनाला तितकासा पटत नाही. संशय आला की पवित्र वाटा सांभाळला जातो आणि गरिबाला पुरावा मागितला जातो. असो.

त्याच महायाजकांनी दशमांशाची कबुलीही बंद केली. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात शेतकरी देवापुढे म्हणतो की मी लेव्याला दिले, परक्याला दिले, सगळे आज्ञेप्रमाणे केले. पण तोवर पहिला दशमांश लेव्यांऐवजी याजकांकडे जाऊ लागला होता. तालमूद म्हणते, एज्राच्या हाकेला लेवी परत आले नाहीत म्हणून त्यांना तो दंड झाला. मग देवापुढे लेव्याला दिले असे कसे म्हणायचे? खोटे म्हणण्यापेक्षा म्हणणेच थांबवले. एक मजेदार गोष्ट यातूनच आली आहे. रब्बी एलाजार बेन अजर्या हे याजक आणि सधन. ते एका मळ्यातून पहिला दशमांश घेत. रब्बी अकिबांच्या मते तो फक्त लेव्याचा. अकिबांनी काय करावे? मळ्याचे दार फिरवून स्मशानाच्या बाजूला केले. याजकाला स्मशानातून जाता येत नाही! एलाजार म्हणाले, अकिबा आपली धनगरी झोळी घेऊन आला आहे, आणि मला तर जगायचे आहे.

याच एलाजार बेन अजर्यांची मोठी गोष्ट आता सांगतो. दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे.

इ.स. ७० मध्ये मंदिर पडले. शास्त्री यवने गावी जमू लागले. तिथे एके दिवशी प्रश्न आला: यार्देनेच्या पलीकडे अम्मोन आणि मवाब या देशांत यहूदी शेतकरी आहेत. इस्राएलमध्ये सातव्या वर्षी शेती बंद असते, पण तिथे नांगर चालतो. तर सातव्या वर्षी त्यांनी कोणता दशमांश काढायचा? दुसरा, पवित्र? की गरिबांचा? नियमशास्त्रात याचे उत्तर नाही.

रब्बी तार्फोन म्हणाले, गरिबांचा. मिसर देशाला तसेच लावून दिले आहे. मिसर जवळ आहे, आणि इस्राएलचे गरीब सातव्या वर्षी मिसरच्या धान्यावर जगतात. अम्मोन-मवाबही जवळच आहेत. एलाजार बेन अजर्या म्हणाले, दुसरा. बाबेलला तसे लावून दिले आहे, आणि सातवे वर्ष सहाव्यासारखे कसे धरता? तार्फोन म्हणाले, बाबेल लांब आहे, तिथले धान्य आमच्या गरिबांपर्यंत पोचत नाही. तेव्हा एलाजारांनी फार जड शब्द वापरले. तुम्ही लोकांच्या पोटाचा फायदा बघता आणि आत्म्यांचे नुकसान करता, आकाशाचे दव आणि पाऊस तुम्ही अडवाल. आणि त्यांनी आधाराला वचन काढले ते कोणते? मलाखी, तिसरा अध्याय: मनुष्याने देवाला लुबाडावे काय, दशमांशात आणि अर्पणांत. मंडळी, दानपेटी फिरताना आपण हाच अध्याय दर रविवारी वाचतो. यवनेत तो गरिबांच्या वाट्याविरुद्ध वाचला गेला होता, तोही प्रामाणिक मनाने.

रब्बी यहोशवा तार्फोनांच्या बाजूने उठले. ते म्हणाले, बाबेलचा निर्णय जुना, संदेष्ट्यांचा. मिसरचा निर्णय नवा, वडिलांचा. आपल्यापुढचा प्रश्न नवा आहे, तेव्हा नव्याचा दाखला नव्यावरून घ्यावा. मते मोजली गेली. ठरले: अम्मोन आणि मवाब यांनी सातव्या वर्षी गरिबांचा दशमांश द्यावा.

ध्यानात घ्या, तार्फोनही याजकच. दोघा याजकांचा वाद चालला होता, आणि वाद ज्या दशमांशांवर होता त्यांतला एकही त्यांच्या घरात जाणारा नव्हता.

ही बातमी घेऊन एक शिष्य लोद गावी म्हाताऱ्या रब्बी एलियेजरांकडे गेला. त्यांनी विचारले, आज पाठशाळेत नवे काय झाले? त्याने मतदान सांगितले. एलियेजर रडले. मग म्हणाले, जा, त्यांना सांग की तुमच्या मतदानाबद्दल घाबरू नका. मी माझ्या गुरूंकडून, योहानान बेन जक्काईंकडून ऐकले आहे, त्यांनी त्यांच्या गुरूंकडून, त्यांनी त्यांच्या गुरूंकडून, थेट सिनायपासून, की अम्मोन आणि मवाब सातव्या वर्षी गरिबांचा दशमांश देतात.

ते रडले ते आनंदाने की आपल्याला बोलावले नाही म्हणून, हे मिश्ना सांगत नाही.

आज इस्राएलमध्ये धार्मिक लोक धान्य-भाजीतून हे वाटे अजून काढतात, पण याजकाचा वाटा खाल्ला जात नाही, बाजूला टाकला जातो. शहरातले यहूदी कमाईचा दहावा भाग काढतात. ती आज्ञा की नुसती चाल, यावर वाद आहेच. सोळाव्या शतकातल्या नियमग्रंथात दहावा भाग मध्यम, पाचवा उत्तम, त्याहून कमी असेल तर नजर कोती असे म्हटले आहे; आणि त्यावरच्या टिपणात क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस लिहितात की त्या पैशातून सभास्थानाचे दिवे वगैरे करू नयेत, तो गरिबांना द्यावा. त्यावरही इतरांनी अपवाद काढले आहेत.

दुपारनंतर आपल्या मंडळाची बैठक आहे, आणि यंदाची रक्कम छपराला लावायची की अवकाळी पावसात ज्यांचा भात खळ्यावरच भिजला त्यांना द्यायची, हा विषय पत्रिकेवर तिसरा आहे. मला तिथे मत आहे, ते मी तिथेच देईन. दादा, तुम्ही सभासद आहात, तुम्हीही या. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.